सुपलीतलं पिलू

कॉलेजच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नवऱ्याने माझ्या हातात केरसुणी दिली आणि म्हटलं, "आता तुला वेळ आहे." निरोप समारंभाच्या हारातली फुलं अजून सुकली नव्हती, आणि माझी पक्ष्यांची खोली झाडण्याच्या पदावर नेमणूकही होऊन गेली. मी केरसुणी घेतली, पण दोन वाक्यं ऐकवून घेतली. मला फुकट काही घेता येत नाही.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. मागच्या अंगणात गाडी लावायची म्हणून जागा ठेवली होती. नवरा सैन्यातून सुभेदार होऊन परत आला आणि त्या जागेवर जाळीची खोली उभी राहिली. आत झेब्रा फिंच नावाचे चिमणीहून लहान पक्षी. लाल चोच, शेपटीवर काळेपांढरे पट्टे, नरांच्या गालावर केशरी ठिपके, आणि दिवसभर खेळण्यातल्या पिपाणीसारखी टीट-टीट. आडव्या टांगलेल्या मडक्यांत त्यांची घरटी. खायला राळा आणि बाजरी. गाडी अजून रस्त्यावर उन्हात उभी असते.

या खोलीचे नियम सुभेदारांनी केले होते. मी त्यांना सुभेदारच म्हणते, रागात आणि प्रेमातही. आवाजावरून त्यांना कळतं. पहिला आणि शेवटचा नियम असा, की पक्ष्यांच्या संसारात माणसाने हात घालायचा नाही. दाणे द्या, पाणी द्या, झाडा आणि बाहेर या. माझ्या संसारात मात्र सगळ्या गावाने हात घातलेला चालतो, असं मी एकदा म्हटलं होतं.

थंडीतल्या एका सकाळी मी आतली फोलपटं झाडत होते. कोपऱ्यातल्या ढिगात काहीतरी हललं. पाल समजून मी ओरडले, मग वाकून बघितलं तर पिलू. अंगठ्याच्या पेराएवढं, उघडं, पाठीवर पिसांच्या नुसत्या काड्या फुटलेल्या. हातात घेतलं तर थंडगार. मेलं असं मनाशी म्हणेपर्यंत त्याने मान वाकडी करून चोच उघडली.

"अहो, पिलू पडलंय!"

"ठेव परत मडक्यात," सुभेदार दाढी करता करता म्हणाले.

ठेवलं. दुसरा चहा होतोय तोवर ते पुन्हा खाली. पुन्हा ठेवलं. या वेळी मी उभी राहून पाहिलं. आईने शांतपणे त्याचा पंख चोचीत धरला, मडक्याच्या तोंडाशी आणलं आणि सोडून दिलं. आपण कढीपत्त्याची काडी ताटाबाहेर ठेवतो, अगदी तसं. मला इतका संताप आला की मी त्या पक्षिणीला मोठ्याने नावं ठेवली.

"तिनं टाकलंय ते," सुभेदार म्हणाले. "जगणारं नसणार. आईला कळतं."

"आईला कळतं म्हणे! आईची झोप झाली नसेल. नवऱ्यानं डोकं खाल्लं असेल. आईचं काय सांगताय मला?"

"तू हात घालू नकोस. जाणारं आहे ते. उगीच जीव लावशील."

"लावीन! माझा जीव आहे," असं म्हणून मी पिलू ओंजळीत घेऊन बाहेर आले.

मागच्या पायरीवर उन्हात खुर्ची टाकून आत्याबाई बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या राहतात साताऱ्याकडच्या आमच्या गावी, पण मिरजेला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी वाकायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही असं बजावलं होतं. म्हणून काही आठवडे त्या आमच्याकडे. काळा चष्मा लावून त्या दिवसभर एखाद्या पुढाऱ्यासारख्या बसत आणि आवाजावरून सगळ्या घराची चौकशी ठेवत.

"काय टाकलंय गं? कुनी टाकलंय?"

मी ओंजळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि बऱ्या डोळ्याने पाहिलं.

"आगं आगं आगं. हे तर शेंगंतल्या दान्याएवढं हाय. आन् त्वांड बघ केवढं!" मग घरात बघून मोठ्याने म्हणाल्या, "आरं, आईला कळतं म्हनतूस व्हय? आईला काय बी कळत न्हाई. म्या आई हाय, मला इचार."

अशी आमची दोघींची आघाडी झाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका बाजूला आहोत, असे प्रसंग तसे थोडेच. मी वाईची, घाटाजवळच्या घरातली. माझ्या माहेरी पोथीत असेल ते खरं. आत्याबाई शेतात वाढलेल्या. त्यांच्या लेखी हाताला कळेल ते खरं. मी पिलू कापसात ठेवून फोनवर व्हिडिओ बघायला बसले आणि त्या पिलावर फुंकर घालत बसल्या.

व्हिडिओतून कळलं की पिलाला ऊब हवी आणि ती पिवळ्या दिव्याखाली मिळते. मी दुकानांत विचारत फिरले. सगळीकडे पांढरे एलईडी. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. "बाई, पिवळा बल्ब आता कोण वापरतं?" असं म्हणून दुकानदार माझ्याकडे अशा नजरेने बघत, की मी जणू कंदिलाची काच मागतेय. हात हलवत परत आले, तर जेवणाच्या टेबलावर बुटाचा एक खोका, त्याला नीट गोल भोक पाडलेलं आणि त्यात पिवळा बल्ब लावलेला. खोक्याच्या दुसऱ्या बाजूला जास्तीची उष्णता बाहेर जायला बारीक छिद्रं. कोंबड्यांचं पालन करणाऱ्या कुणाकडून तरी तो बल्ब आणला होता.

"हे कुणी केलं?"

"मला काय माहीत," वर्तमानपत्राआडून आवाज आला.

पक्ष्यांच्या दुकानातून पिलांच्या खाण्याची भुकटी आणली. ती कोमट पाण्यात कालवायची आणि सुई काढलेल्या बारीक पिचकारीने चोचीत थेंब थेंब सोडायची. पहिल्या दिवशी निम्मं माझ्या मनगटावर गेलं आणि निम्मं पिलाच्या डोळ्यावर. घरात गजर दोन झाले, एक आत्याबाईंच्या डोळ्याच्या थेंबांचा आणि एक पिलाच्या खाण्याचा. दोन्ही मीच लावलेले. एकदा मी घाईत औषधाची बाटली घेऊन आत्याबाईंसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आ करा." त्यांनी खरंच आ केला. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की डॉक्टरांनी हसायलाही बंदी केली होती का, हे मला आठवेना.

आणि मग गुटीचा प्रकार झाला. मी भाजी घेऊन आले तर देवघरातली सहाण स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तीवर सुंठ, हळकुंड आणि वेखंड उगाळल्याच्या रेघा. आत्याबाई काडीला कापूस गुंडाळून पिलाच्या चोचीत काहीतरी सोडत होत्या.

"आत्याबाई! हे काय?"

"बाळगुटी. पोट साफ नगं व्हय त्येचं?"

"अहो, तो पक्षी आहे!"

"मग काय झालं? पोट तर हाय की त्येला!"

पिलाला एक शिंक आली, आणि ते मान टाकून झोपलं. हलवलं तरी उठेना. मी आत्याबाईंना काहीबाही बोलले, त्या मला बोलल्या, आणि आमची आघाडी तिथल्या तिथे मोडली. तेवढ्यात सुभेदार आत आले, मला बाजूला केलं, टॉर्च घेऊन पिलाच्या गळ्यापाशी धरला आणि वाकले.

"खाण्याची पिशवी भरलेली आहे," ते म्हणाले. पिलाची कातडी इतकी पातळ होती, की गळ्याजवळ साठलेलं खाणं बाहेरून दिसत होतं. "ही रिकामी होईपर्यंत थेंबभरसुद्धा देऊ नका. ना तुझी भुकटी, ना आईची गुटी. दोघींनी मिळून मारून टाकाल त्याला." टॉर्च बंद करून ते निघाले.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" मी विचारलं.

ते गाडी पुसायला गेले. गाडी सकाळीच पुसून झाली होती.

"त्येनं तीन पिलं वाढवायला घेतली व्हती," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "तू कामावर जायचीस तवा. तिन्ही गेली. शेवटचं त्येच्या तळहातावर गेलं. मला फोन केला व्हता. रडला गं."

मी पिशवीतल्या भाज्या काढता काढता थांबले. एवढा सीमेवर राहून आलेला माणूस. सासरे गेले तेव्हाही माझ्यासमोर न रडता उभा राहिलेला. आणि तळहातावरच्या पिलासाठी आईला फोन करून रडला, आणि मला संध्याकाळी जेवताना त्याने भात कमी शिजलाय एवढंच सांगितलं असेल. मला त्यांचा रागही आला आणि फार वाईटही वाटलं. त्या दिवसापासून मला पिलू जगवायचं होतं ते पिलासाठी आणि त्यांच्यासाठी. चौथंही गेलं तर हा माणूस पुन्हा कशाला हात लावणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गुटीतून पिलू वाचलं. देव तारी त्याला कोण मारी. आत्याबाई म्हणत होत्या गुटीनेच वाचलं, आणि ते मी आजही मान्य करत नाही. पण दोनतीन दिवसांनी एका सकाळी ते चोचच उघडेना. पिचकारी जवळ नेली तरी मान फिरवायचं. अंगावर पिसं येऊ लागली होती, पण त्यांच्यात जीव नव्हता. मी तळव्यात धरून बसले आणि सरळ रडायला लागले. मला आडून रडता येत नाही.

आत्याबाई उठल्या. "सूप आन."

"सूप कशाला?"

"आन म्हनते ना. ह्याला तू लय आपलं आपलं केलंस. आपलं म्हनून उराशी धरलं की जात्यात पोरं. म्या दोन घालवली तशी, ह्येच्या आदी."

ते मला माहीत होतं, पण अर्धवट. सुभेदारांच्या आधीची त्यांची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा आत्याबाईंच्या सासूने त्याला सुपात घालून दारातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवला. आमचा नाही, टाकलाय, असं मोठ्याने म्हणायचं. वरच्या आळीतली एक बाई आली, तिने त्याला उचललं, माझा म्हणाली, आणि मग मूठभर ज्वारी घेऊन त्याला परत आत्याबाईंच्या ओटीत दिलं. म्हणजे तो दुसऱ्याचा झाला. मग त्याच्यावर कुणाची नजर नाही. आमच्याकडच्या गावांत अशी टाकून घेतलेली कितीतरी माणसं आहेत. त्या बाईंना सुभेदार वरली आई म्हणतात. दर दिवाळीला मी त्यांच्यासाठी लुगडं घेते, सुभेदार ते दारात देतात, पाया पडतात आणि उंबरा न ओलांडता परत येतात. लहानपणी शाळेत पोरं उकिरड्यावरचा म्हणून चिडवायची, त्याचं ते असावं, असा माझा अंदाज होता.

"आत्याबाई, सूप नाहीये माझ्याकडं. विश्रामबागेत कोण पाखडतं?"

"मग केर कशात भरतीस?"

केर मी प्लास्टिकच्या निळ्या सुपलीत भरते. तीच आणली. आत्याबाईंनी तिच्यात कापूस पसरला, पिलू ठेवलं, आणि वाकायला बंदी असल्यामुळे मला हुकूम सोडला: ती फाटकाजवळ, कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेव आणि मागे न बघता ये. मी वाईची. असल्या गोष्टींना मी हसते. पण रडणाऱ्या माणसाला काहीतरी करायला दिलं की तो करतो. मी ठेवली सुपली.

"आता उचलणार कोण?" मी पायरीवर येऊन विचारलं. "शेजारीण बाहेरगावी गेलीय."

"येतंय बघ कोन तरी," आत्याबाई म्हणाल्या आणि काळा चष्मा नीट बसवला.

तेवढ्यात कोपऱ्यावर घंटागाडीचं गाणं वाजलं. आमच्या घरात घंटागाडीचं काम सुभेदारांचं. गाणं ऐकू आलं की ते हातातलं सगळं टाकून डबा उचलतात. डब्याच्या आजूबाजूला काय राहिलंय तेही त्यातच लोटतात आणि गाडी फाटकापाशी पोचायच्या आत रस्त्यावर उभे असतात. त्यात ते कुणाचं ऐकत नाहीत. ते घरातून तरातरा निघाले, डबा उचलला आणि दुसऱ्या हाताने सुपली उचलून डब्यात उलटी करायला लागले.

"थांबा!" मी ओरडले. "अहो, पिलू!"

सुपली तिरपी झालेली. कापूस घसरत कडेला आला आणि सुभेदारांनी डबा सोडून दिला. डबा रस्त्यावर आडवा, केळ्याची सालं सगळीकडे, आणि ते दोन्ही हातांनी सुपली छातीशी धरून उभे. घंटागाडीचं गाणं चालू. गाडीवरचा माणूस म्हणाला, "सायेब, टाकताय न्हवं?"

"नाही टाकत!" सुभेदार एवढ्या जोराने ओरडले की तो गाडी घेऊन पुढेच गेला. मग वळून आमच्यावर: "कुणी ठेवलं इथं? अक्कल आहे का? आत्ता गेलं असतं ना!"

पायरीवरून आत्याबाईंनी शांतपणे विचारलं, "कुनाचं हाय रं ते?"

"कुणाचं म्हणजे? तुमचंच!"

"आमचं न्हाई. आमी टाकलंय. कुनी उचललं?"

सुभेदारांनी एकदा हातातल्या सुपलीकडे पाहिलं, एकदा आईकडे. त्यांना कळलं. माझ्या आधी कळलं. म्हातारीने घंटागाडीची वेळ बघून सगळं मांडलं होतं.

"म्या उचललं," ते म्हणाले. सांगलीत इतकी वर्षं काढलेला हा माणूस एकदम गावच्या बोलीत गेला.

"मग तुजं झालं. ने घरात. ऊन लागंल त्येला."

त्या दिवशी पिलाने चोच उघडली. माझ्या विज्ञानाचं म्हणणं असं, की उन्हाची ऊब मिळाली, आणि सुभेदारांच्या हाताला भुकटी किती पातळ कालवायची ते नेमकं माहीत होतं. आत्याबाईंचं म्हणणं तुम्हाला माहीतच आहे. मी वाद घातला नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

पुढे पिलाचा संपूर्ण ताबा सुभेदारांनी घेतला. मला त्या खोक्याजवळ परवानगीशिवाय जायला बंदी झाली. पिचकारी उकळत्या पाण्यात, रुमालाच्या चार घड्या, भुकटीची चव ते स्वतः बघणार. एकदा मी विचारलं, "मीठ बरोबर आहे का?" तर गंभीरपणे म्हणाले, "मीठ नसतं यात." पिसं फुटली, पंख आले, आणि एक दिवस पिलू खोक्यातून उडालं ते नेमकं आत्याबाईंच्या काळ्या चष्म्यावर जाऊन बसलं. त्या जपमाळ ओढत होत्या. जप न थांबवता त्यांनी बोट वर केलं, पिलू बोटावर आलं, आणि जप पुरा झाल्यावरच त्या म्हणाल्या, "घान केली बघ चष्म्यावर."

त्याला नाव काही आम्ही ठेवलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, परक्याच्या पोराला आपण नाव कशाला ठेवायचं. सुभेदारांच्या सदऱ्याच्या खिशात बसून ते सकाळी फिरायला जाऊ लागलं. फिरायला येणारी मंडळी चहाच्या टपरीवर त्याला बिस्किटाचा चुरा देऊ करत आणि सुभेदार त्यांना आहारावर भाषण देत. काळी चोच हळूहळू तांबूस झाली. गालावर केशरी ठिपका उगवला तेव्हा कळलं की नर आहे. "मुलगा झाला," असं सुभेदारांनी खरोखर एकदोघांना फोन करून सांगितलं. या वयात मला किती ठिकाणी खुलासे करावे लागले ते मी लिहीत नाही.

मग आत्याबाईंचा डोळा बरा झाला, चष्मा उतरला, आणि त्यांना गावाची ओढ लागली. निघायच्या आदल्या दिवशी त्या पक्ष्यांच्या खोलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"जायच्या आदी ह्येचं पुरं कराया पायजे. उचलून घेतलेलं आईला परत द्यायचं असतंय. मूठभर दानं घ्यायचं आन् सोडायचं."

"कुठल्या आईला?" सुभेदार म्हणाले. "जिनं तीनदा टाकलं तिला?"

"त्येच्या जातीची तिथंच हाईत की. तुज्या खिशात किती दिस ऱ्हानार? त्येला जोडी नगं व्हय?"

बरोबर होतं ते. पिलू आता दाणे स्वतः टिपत होतं, आणि जाळीजवळ नेलं की आतल्या पक्ष्यांकडे बघून गळा फुगवत होतं. सुभेदारांनी जाळीचं दार उघडलं. पिलू त्यांच्या बोटावर. ते तसेच उभे राहिले. मग दार लावलं.

"अजून अशक्त आहे," ते म्हणाले.

आत्याबाई हसायला लागल्या. हसता हसता पायरीवर बसल्या. "ती बी आसंच म्हनायची."

"कोण?"

"तुजी वरली आई. तुला काय वाटलं, मूठभर जुंधळं घेतलं आन् लगीच दिला व्हय तिनं? सगळा उन्हाळा दिला न्हाई. अजून अशक्त हाय म्हनायची. म्या जायची तिच्या दारात, मांडीवर घेऊन पाजायची आन् तिथंच ठेवून याची. तिला मूलबाळ न्हवतं रं."

सुभेदार बाजूला उभे होते ते येऊन आईच्या शेजारी बसले. पिलू त्यांच्या मनगटावर.

"मग?"

"मग एक दिवस तू मला बघून हसलास. तिनं बघितलं. सुपात घातलं तुला, आनून माज्या ओटीत दिलं. आन् घरात जाऊन दार लावून घेतलं. दोन दिस तिच्या घरातनं धूर निघाला न्हाई."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा इचारलंस?"

मी दाराशी चहाचे कप घेऊन उभी होते. आयुष्यभर ज्या गोष्टीची या माणसाला लाज वाटली, तिच्यात एवढी माया होती आणि ती कुणी त्याला दाखवली नव्हती. मला त्या न पाहिलेल्या उन्हाळ्यासाठी भरून आलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना पोचवायला आम्ही गाडीने निघालो. छोट्या पिंजऱ्यात पिलू माझ्या मांडीवर. ते कशाला घेतलंय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा त्याच्या टीट-टीटने सगळी टपरी जमा झाली. गावात आत्याबाईंना घरी उतरवून सुभेदार सरळ वरच्या आळीला गेले. मी मागे.

वरली आई उंबऱ्याच्या आतच बसली होती. खूप वाकलेली, अंगावर आम्ही दिवाळीला दिलेलं लुगडं. "कोन?" तिने विचारलं.

"मी हाय," सुभेदार म्हणाले, आणि या वेळी उंबरा ओलांडून तिच्याजवळ खाली बसले.

"आता रं कसा आलास? दिवाळी तर झाली."

त्यांनी पिंजरा उघडला, पिलू बोटावर घेतलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तिने दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवरून इतकं हळू बोट फिरवलं, की ते डोळे मिटून गप्प बसलं. सुभेदारांनी सगळी हकीकत सांगितली, केरातल्या फोलपटांपासून घंटागाडीपर्यंत. ती मधूनमधून "व्हय?" म्हणत होती.

"आई म्हणते, परत दे," शेवटी ते म्हणाले. "देऊ का?"

तिने पिलाच्या पाठीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "दे की. दिलं तरी दिवाळीला येतंय."

सुभेदारांनी तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पिलू तिच्या हातावरून उडून त्यांच्या टकलावर बसलं. मी रडता रडता हसले. मग तिच्या चुलीवर चहा झाला, आम्ही तिघांनी गूळ घालून प्यायला आणि दिवस कलेपर्यंत तिथेच बसलो.

सांगलीला आल्यावर दुसऱ्या सकाळी सुभेदारांनी जाळीचं दार उघडलं. आईच्या वतीने मोबदला द्यायला मी मूठभर राळा घेऊन उभी. त्यांनी तो तळहातावर घेतला, कमी आहे म्हणाले, मी आणखी थोडा घातला. मग बोट आत नेलं. पिलू क्षणभर बसून राहिलं, आणि उडून इतरांच्या ओळीत शिरलं. दोघे जरा सरकले, त्याला जागा झाली. कोणतं आपलं हे ओळखायला मला दोनदा बघावं लागलं.

सुभेदारांनी दार लावलं, घरात गेले आणि आपल्या खोलीचंही दार लावून घेतलं. एरवी मी दार वाजवलं असतं. त्या दिवशी चहा केला आणि त्यांच्या कपावर बशी झाकून ठेवली.

ते बाहेर आले तेव्हा चहा थंड झाला होता. तो तसाच प्यायले आणि म्हणाले, "रविवारी गावाकडं जाऊन येऊ या?"

"अहो, कालच तर आलो!"

"मग काय झालं," ते म्हणाले. "दिवाळीला अजून लय अवकाश हाय."